रंजूचं अक्षर

लोहारा
१४ जुलै २०२४

प्रिय रोहे,

जय भीम.

पाकिटावरचा पत्ता बघून पोस्टमननं दोनदा विचारलं असेल, हे कोणाचं म्हणून. कोंबडीनं पायानं उकरल्यासारखं अक्षर आलंय, मला ठाऊक आहे. पण सोलापूरच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, बोटांना काम द्या, रोज अर्धं पान हातानं लिहा. हे म्हणाले, शरणांची वचनं लिहून काढ. मी म्हटलं, वचनं पाठ आहेत, त्यात मन कुठं लागतंय. मग तू आठवलीस. तुझ्या बाबांची, राजपालकाकांची, लोहारा तहसीलमधून आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला बदली झाली, तेव्हा आपला दहावीचा निकाल लागायचा होता. त्यानंतर पाच वर्षं दर आठवड्याला पत्र. मी तुला तुमच्यातलं 'जय भीम' लिहायची, तू मला आमच्यातलं 'शरणु'. मग फोन आले आणि पत्रं गेली. फोनवर आपण दोघी 'बरं आहे' यापलीकडं कधी गेलो?

तर खबर अशी की नवा गुडघा चालतोय. शनिवारी तिसरीच्या वर्गात गणिताचा अख्खा तास फळ्यापाशी उभी होते. आमवात अंगात शिरल्याला बारा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार मी खुर्चीवर बसून शिकवली. पोरांना वाटायचं, या बाईंना पायच नाहीत. परवा एक पोरगी म्हणाली, "बाई, तुम्ही लई उंच हाव की."

एकच आहे, मांडी घालता येत नाही. पूजाही खुर्चीवर. त्यावरून आमच्या सासूबाई, अत्ती, बोलल्याच. "आगं, आपल्यात माणसाला बसवून माती देतात. तुझा पाय वळंना तर तुला बसवायचं कसं?"

मी म्हटलं, "खुर्चीसकट बसवा अत्ती. वर जाऊनही तास घ्यायचाच आहे."

हे जेवताना हसले आणि ठसका लागला. अत्ती मात्र हसल्या नाहीत, जीभ चावली त्यांनी.

डावा हात अजून तसाच. बोटं आत वळलेली, तळहात उघडत नाही. इष्टलिंग तळहातावर ठेवलं की कलंडतं, म्हणून हे खालून हात धरतात. नवऱ्याच्या हातावर माझी पूजा चालली आहे.

अर्धं पान म्हणता म्हणता दोन झाली. बोटं ठणकतात. थांबते.

तुझी,
रंजू


वाशी
२२ जुलै २०२४

प्रिय रंजू,

शरणु.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा नुसत्या अक्षरासाठी. तुला माहीत आहे, माझा धंदाच वाचण्याचा. दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या आणि आकडे. कोणाच्या रक्तात सूज किती ते सांगणारे ईएसआर आणि सीआरपी रोज पाच-सहा तरी होतात. माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो, मी आत त्याचा आकडा बघते, तोंड बघायला वेळ नसतो.

तुझ्या अक्षराचा अहवाल असा: काना सरळ, वेलांटी थरथरते, 'ळ' फुटका. फळा, तळहात, सगळे ळ मधूनच तुटलेत. शाळेत तुझ्या 'ळ'साठी देशमुखबाई तुला फळ्यावर सुविचार लिहायला बोलवायच्या, आठवतं? ज्या दिवशी तो गोल येईल त्या दिवशी मी समजेन, माझी रंजू बरी झाली.

एक ठरवू. फोनवर काहीही बोलू, पण पत्रात खोटं लिहायचं नाही.

उंच बाईंना नमस्कार सांग.

तुझी,
रोहिणी


लोहारा
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय रोहे,

जय भीम. आज चारच ओळी.

आठ दिवस झाले, वात उसळलाय. माझा वात शिस्तीचा आहे, आधी बोटं धरतो, मग मनगटं, मग खांदे. सकाळी वेणी घालता येत नाही, अत्ती घालून देतात. पण नवा गुडघा मजेत आहे. धातूला कुठून वात येणार? साऱ्या अंगात तेवढाच एक शहाणा सांधा.

ळ बघू नकोस.

रंजू


लोहारा
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोहे,

जय भीम.

आधी अक्षर बघ. मग पुढं वाच.

बघितलंस? मलाच खरं वाटत नाही. परवा फळ्यावर 'दिवाळी' लिहिलं आणि मागं सरकून बघतच राहिले. आणि दुसरं सांगते. काल पूजेला हे नेहमीसारखे खालून हात धरायला आले, मी म्हटलं थांबा. बोटं एकेक करून उघडली. लिंग तळहातावर ठेवलं आणि ते बसलं, रोहे. हललं नाही. सहा वर्षांनी. मी रडले, हेही तोंड फिरवून उभे राहिले.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. दिवाळीपासून नवा गुडघा गरम लागतोय. सुजलाय थोडा. इथल्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, वात आहे, तो सगळीकडं फिरणारच. त्यांनी वाताची ती लहान पांढरी गोळी दुप्पट केली, तिच्यामुळंच हात असे मोकळे झाले बहुतेक. आणि असू द्या म्हणून पाच दिवसांच्या जंतूंच्या गोळ्याही दिल्या. गुडघा थोडा निवला, पुन्हा गरम झाला. ताप नाही. रक्त तपासलं, सीआरपी एक्केचाळीस, ईएसआर बहात्तर. कागद सोबत जोडलाय.

ह्यांचं म्हणणं, सोलापूरला जाऊ. ऑपरेशनवेळी तिथल्या सरांनी सांगितलं होतं, गुडघा गरम वाटला तर त्याच दिवशी या. पण मला भीती वाटते. तिथं गेलं की सुई घालून पाणी काढतील, मग काय काय सांगतील. चार महिने तर झाले मला उभं राहून. काल यावरून आमची बोलाचाली झाली. शेवटी हे म्हणाले, "रोहिणीताईंना कागद पाठव. त्या म्हणतील तसं करू."

तर आता तू सांग. तू जा म्हणालीस तर मी दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं जाईन.

तुझी,
रंजू


वाशी
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय रंजू,

शरणु.

ळ गोल आहे! मी पत्र लॅबमध्ये उघडलं आणि शेजारच्या पोरीला दाखवलं. ती म्हणाली, मॅडम, छापील आहे का?

कागद नीट बघितला. घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. तुझे जुने कागद माझ्याकडं आहेत. गुडघा बदलायच्या आधीही तुझा सीआरपी पस्तीस-चाळीस असायचा, ईएसआर सत्तरच्या वरच. आमवाताच्या माणसाचे आकडे कधी खाली येतच नाहीत, आम्ही लॅबवाले तर ते धरूनच चालतो. जंतू झाले असते तर ताप आला असता. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुझ्या हातांचा. औषध लागू पडतंय म्हणून तर अक्षर असं आलं. जे औषध बोटांना पोचलं ते गुडघ्यालाही पोचेल, थोडं मागून.

दाजींना सांग, धावपळ करू नका. सहामाहीचे पेपर तपासून घे. नाताळापर्यंत उतरला नाही तर बघू.

आणि लिंग तळहातावर बसलं हे वाचून मीही रडले. कोणाला सांगू नकोस.

तुझी,
रोहिणी


लोहारा
१ जानेवारी २०२५

प्रिय रोहे,

जय भीम. नवीन वर्ष सुखाचं जावो.

परवा वेळ अमावस्या झाली. सगळा गाव शेत पुजायला गेलेला. अत्तींनी पहाटेपासून भज्जी आणि बाजरीचे उंडे केले, आंबिलीचं मडकं ह्यांनी डोक्यावर घेतलं. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. ढेकळांतून चालायचं म्हणजे उगीच. दारात खुर्ची टाकून बसले. गल्लीत एक माणूस नव्हतं, कुत्रीसुद्धा शेतात गेली होती. माघारी येताना ह्यांनी माझ्यासाठी डब्यात सगळं आणलं, आणि हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी.

शाळेत सध्या बसून शिकवते. थंडी फार आहे. गुडघ्याला फडकं बांधते, बरं वाटतं. यंदा गडद रंगाच्या साड्याच जास्त नेसल्या जातात, का कोण जाणे. सोमवारी फोनवर तू गुडघ्याचं विचारलंस, मी ठीक म्हटलं. ठीकच आहे.

हात छान आहेत. बघ की.

तुझी,
रंजू


सोलापूर
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोहे,

जय भीम.

पत्ता बघून तुला कळलं असेल. गुरुवारपासून इथं आहे.

आपण ठरवलं होतं, पत्रात खोटं लिहायचं नाही. मी लिहिलं. फडकं थंडीसाठी नव्हतं. टाक्यांच्या जागी बारीक भोक पडलं होतं आणि पाणी यायचं. वेळ अमावस्येच्या आधीपासून. डाग दिसू नये म्हणून गडद साड्या. मला वाटायचं, सांगितलं की हे उचलून सोलापूरला नेतील आणि गुडघा काढतील. आता इथं पोचले तेव्हा तेच होणार म्हणतात.

सरांनी सुईनं पाणी काढलं. पू होता, पण त्यातून जंतू काही उगवले नाहीत. ते म्हणाले, आधी जंतूंच्या गोळ्या घेतल्यामुळं असं होतं. जंतू मरत नाहीत, लपतात. आणि लपले की कोणतं औषध द्यायचं ते कळत नाही. इथल्या शिकाऊ डॉक्टरांपैकी एक म्हणत होते, हा वातही असू शकतो, आमवातात पाण्यातल्या पेशी अशाही वाढतात. तेव्हा सर माझ्याकडं वळले. विचारलं, "ज्या दिवसांत गुडघा सुजला, त्या दिवसांत तुमची बोटं कशी होती?"

मी म्हटलं, छान होती. इतकी छान कधीच नव्हती.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "नक्की कधीपासून, आठवतं का?"

मी म्हटलं, मला नाही आठवत, पण वाशीला माझी मैत्रीण आहे. तिच्याकडं माझ्या हाताचा हिशेब तारखेवार ठेवलेला आहे. सर हसले. म्हणाले, असा अहवाल मला कोणी दिला नव्हता.

तेवढं बघून कळव. बोटं कधी वाईट होती आणि कधी चांगली. जंतू कधी शिरले ती सुरुवात सरांना धरायची आहे. पत्राला वेळ लागला तर फोन कर, पण पत्रही लिही. इथं दुपार सरत नाही.

तुझी,
रंजू


वाशी
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंजू,

शरणु.

तारखा दाजींना फोनवर दिल्या आहेत, तरी लिहिते. जुलैत अक्षर मध्यम. सव्वीस सप्टेंबरला सगळ्यात वाईट, तेव्हा गुडघा चांगला होता. अकरा नोव्हेंबरला सगळ्यात चांगलं, तेव्हा गुडघा गरम. एक जानेवारीलाही चांगलं.

मी रविवारी येते.

रोहिणी


सोलापूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय रोहे,

अक्षर वाकडं येतंय, झोपून लिहितेय.

गुडघा काढला. त्या जागी औषध भरलेला सिमेंटचा तुकडा बसवलाय, तीन महिन्यांसाठी. पाय खांबासारखा सरळ. जंतू मेले तर पुन्हा नवा घालतील म्हणतात. थंडी वाजते अधूनमधून. पांढरी गोळी एकदम बंद करता येत नाही, आणि ती आहे तोवर अंगात लढायला बळ नाही, असं काहीतरी सर ह्यांना सांगत होते. मला झोप लागलीय असं समजून.

त्या रविवारी तू आलीस. दोन तास बसलीस, दोन मोसंबी सोललीस, एक फोड तोंडात घातली नाहीस. माझ्या तोंडाकडं बघितलं नाहीस. सारखी हातांकडं बघत होतीस. जाताना माझा डावा हात उघडून तळहात गालाला लावलास आणि पळालीस. एसटी चुकेल म्हणालीस. एसटी साडेपाचची होती, रोहे, तेव्हा चार वाजले होते.

काय आहे ते लिही. मी लपवलं त्याचं फळ भोगतेय. तू लपवू नकोस. तोंडावर नाही सांगता आलं तर पत्रात सांग, पत्र त्यासाठीच असतं.

वाट बघते.

रंजू


लोहारा
९ मार्च २०२५

रोहिणीताई,

शरणु शरणार्थी.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं माकलं समजून घ्या. फोनवर तुम्हाला नीट सांगता आलं नाही. तुम्ही येऊन पोचायच्या आत माती द्यावी लागली, त्याचं मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितो.

सव्वीस तारखेपासून ती अर्धवट शुद्धीत होती. विष रक्तात गेलं म्हणाले. दोन मार्चला पहाटे गेली. सरांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, अडीच महिने आधी आला असता तर गुडघा न काढता नुसता आतून धुऊन बघितला असता.

इथं आणल्यावर आमच्या रीतीनं बसवायचं होतं. एक पाय वळला, दुसरा वळंना. आतला सिमेंटचा तुकडा सोडंना. लोक म्हणाले, जोर लावा. मी म्हटलं, न्हाय. तिला हातसुद्धा लावायचा न्हाय. आमचे सिद्धेश्वरस्वामी शहाणे, ते म्हणाले, खड्डा समोरून हातभर लांब काढा, पाय सरळ राहू द्या. तसं केलं. आव्वा, तिच्या अत्ती, एका बाजूला बसून कपाळ बडवत होती. तिचं एकच चाललं होतं, "माझ्या तोंडातून गेलं व्हतं ते. चेष्टेत गेलं व्हतं."

मग लिंग हातावर ठेवायची वेळ आली. मी सवयीनं खालून हात धरायला गेलो. गरज पडली न्हाय, ताई. तळहात सपाट होता. लिंग बसलं.

तुमचं पाकीट एक तारखेला दवाखान्यात आलं. जाड होतं. ती ऐकण्याच्या पलीकडं गेली होती. मी फोडलं न्हाय. तुमच्या दोघींतलं मी कधी वाचलं नव्हतं, आता कशाला वाचू. तिच्या मांडीवर ठेवलं आणि माती दिली. बरोबर केलं का चूक, तुम्ही सांगा.

तुमची बाकीची पत्रं तिच्या पेटीत आहेत. आलात की घेऊन जा. आव्वा तुमची वाट बघते. म्हणते, रोहिणी आली की माझ्याजवळ बसेल.

तुमचा,
सिद्धाराम


वाशी
१८ मार्च २०२५

दाजी,

शरणु.

बरोबर केलंत. तिचं होतं, तिच्याजवळ गेलं.

पण तुमचं पत्र आल्यापासून मी चार दिवस एकाच विचारानं जागेवर बसून आहे. त्या पाकिटात काय होतं ते आता जगात फक्त मला माहीत आहे. मी गप्प बसले तर कोणी विचारणार नाही. अत्ती मला जवळ बसवतील, तुम्ही तिची पत्रं माझ्या हातात द्याल, आणि मी ती घेऊन घरी येईन. म्हणून यायच्या आधी लिहिते. वाचून झाल्यावर या म्हणालात तर येईन.

नोव्हेंबरात तुम्ही तिला सोलापूरला नेत होता. मी थांबवलं. ते पत्र पेटीत आहे, सोळा नोव्हेंबरचं. बाहेर काढून वाचा. मी लिहिलं होतं, आकडे नेहमीचेच आहेत, हात सुधारले म्हणजे औषध पोचलं. दाजी, नेमकं तिथंच सगळं होतं. तिचे आकडे वाढायचे ते वातानं. आणि वात तिची बोटं धरल्याशिवाय राहायचा नाही, हे तिनंच सप्टेंबरात मला कळवलं होतं. नोव्हेंबरात बोटं शांत, मनगटं शांत, लिंग तळहातावर बसलेलं. मग रक्तातली सूज कुठली होती? साऱ्या अंगात एकच सांधा पेटलेला, आणि तोही धातूचा. ताप आला नाही, कारण ती पांढरी गोळी स्टेरॉइडची, ती ताप झाकते. हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत माहीत नव्हतं असं नाही. तिचा ळ गोल आला आणि मला आनंद झाला. आनंदात मी कागद नीट वाचलाच नाही.

फेब्रुवारीत सरांनी तारखा मागितल्या, तेव्हा मी तिची सगळी पत्रं ओळीनं टेबलावर मांडली. तेव्हा दिसलं. दवाखान्यात आले ते हे सांगायलाच. तिच्या उशाशी बसले आणि मोसंबी सोलली. मग पत्रात लिहिलं, सहा पानं. ती तुम्ही तिच्या मांडीवर ठेवलीत.

ती वाचून काय म्हणाली असती, याचा मी रोज एक जबाब लिहिते आणि पुसते. रागावली असती असं लिहिलं तर खोटं वाटतं. माफ केलं असतं असं लिहिलं तर ते माझ्या सोयीचं वाटतं.

तुम्ही काय म्हणाल ते तुमचं तुम्ही ठरवा. तिनं फडकं बांधून लपवलं म्हणून तिला दोष देऊ नका, एवढंच मागते. तिनं लपवायला सुरुवात केली ती माझ्या पत्रानंतर. मी 'घाबरू नकोस' म्हटल्यावर तिनं भीती कुठं सांगायची?

सध्या लॅबमध्ये मी एक करते. सांधा बदललेल्या माणसाचं रक्त आलं की बाहेर बाकापाशी जाते आणि म्हणते, दोन्ही हात दाखवा. माझं काम नाही ते. माणसं गोंधळतात, कोणी पैसे मागते असं समजतं, कोणी रेषा बघते असं. परवा जळकोटच्या एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या. त्यांनी दोन्ही तळहात उघडून माझ्यासमोर धरले. स्वच्छ, सपाट. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? म्हणाल्या, "एकच दुखतोय माय, बाकी समदं ब्येस हाय." मी त्यांना मुलासोबत तिथूनच सोलापूरच्या गाडीत बसवलं.

सोबत तिचं अकरा नोव्हेंबरचं पत्र पाठवते. ते माझ्याकडं ठेवण्याचा मला हक्क नाही. तुम्ही तिची पत्रं कधी वाचली नाहीत, हेही वाचू नका हवं तर. नुसतं धरून अक्षर बघा. पहिल्याच ओळीत तिनं सांगितलं होतं, आधी अक्षर बघ, मग पुढं वाच.

रोहिणी